१८-१३५ की १७-५०? आधी दिवेलागणीनंतरचे फोटो उघडून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स (आकडे मिमीमधले; लहान आकड्याला जास्त रुंद दृश्य मावतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं). गाव चोपडा तालुक्यात, घरी केळी. शेत, घरची माणसं, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आणि फेब्रुवारीत बहिणीचं लग्न, एवढ्यासाठी एकच झूम कायमची लावून ठेवायचीय. बजेट वीस-पंचवीस हजार. मित्र म्हणतो १८-१३५ घे, दुकानदार म्हणतो १८-३०० घेतली की आयुष्यभर बघायला नको, आणि तुम्ही कुठंतरी १७-५० एफ/२.८ चं नाव वाचलंय. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं उजेड घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं.)

मी १७-५० एफ/२.८ घ्यायला सांगेन. सिग्माची, ओएस (हाताचा कंप सावरणारी सोय, कॅननमध्ये तिलाच आयएस म्हणतात) असलेली, वापरलेली पण नीट तपासलेली. कारण लांबचं टिपता येत नाही म्हणून तुमचे फोटो फसत नाहीयेत. दिवस मावळल्यावर उजेड पुरत नाही, म्हणून फसतायत.

तुम्हीच दाखवलेला चुलतभावाच्या हळदीचा फोटो घ्या. त्यात नोंदलेली माहिती अशी: ५५ मिमी, एफ/५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ३२००, शटर १/३० सेकंद. मागचा मांडवाचा खांब अगदी कोरीव आलाय, पण हळद लावणारे हात आणि हसणारे चेहरे पुसल्यासारखे. खांब स्वच्छ आहे म्हणजे तुमचा हात हललेला नाही, लेन्समधल्या आयएसने तो सांभाळला. आयएस फक्त आपला हात सावरतं, समोरचा माणूस हलला तर त्याला ते काही करू शकत नाही. आणि हळदीत अहिराणी गाणी सुरू झाली की कोण एका जागी उभं राहतंय? तिथं शटरचा वेगच वाढवावा लागतो.

आता हिशेब करा. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो. तोच मांडव, तेच आयएसओ ३२००, पण शटर १/३० ऐवजी १/१२५. बोलणारा-हसणारा माणूस १/१२५ ला बहुतेक वेळा पकडता येतो. नाचणारा नाही, त्याला आयएसओ ६४०० करून १/२५० करा. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही. १८-१३५ घेतलीत तर ५० मिमीच्या आसपास ती एफ/५ पर्यंतच उघडते. म्हणजे खर्च करूनही हळदीचा फोटो जवळपास आहे तसाच येणार. १८-३०० तर लांबच्या टोकाला एफ/६.३ वर जाते, त्या लेन्सचं नाव लग्नाच्या संदर्भात काढूच नका.

मांडवातली आणखी एक भानगड म्हणजे एलईडी माळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर वेगवान ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, एखाद्यात आडवे पट्टे. शटर १/१०० वर ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. आणि १/१०० हाताशी यायला मोठं अ‍ॅपर्चर लागतंच.

‘मग फ्लॅश का नको?’ असं कुणीतरी विचारेलच. हॉलला पांढरं छत असेल तर बाहेरचा फ्लॅश छतावर मारून छान काम होतं. आपल्याकडे वर असतं लाल-पिवळं कापड. त्यावरून परतलेला उजेड नवरीलाही लाल करतो आणि तिच्या आईलाही. कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश सरळ तोंडावर मारला की हळद लावलेला चेहरा तेलकट चमकतो आणि मागे सगळा अंधार.

दिवसाचं काय? दिवसा तुमची १८-५५ पुरेशी आहे आणि १७-५० ही तेवढीच पुरेशी असेल. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/८, शटर १/४०० असा साधारण ठोकताळा आहे. खानदेशात उजेडाची कमतरता कधी पडते सांगा! एप्रिल-मेच्या दुपारी चोपड्यात किंवा भुसावळला कुठलीही लेन्स धारदारच वाटते. केळीच्या बागेत अडचण उजेडाची नसते, पानांवरच्या चकाकीची असते. पान हिरवं दिसायच्या जागी पांढुरकं दिसतं. त्यावर औषध पोलरायझर फिल्टर: समोर लावून फिरवत राहिलं की एका जागी चकाकी उतरते आणि खरा हिरवा रंग वर येतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून बागेतून बाहेर आलात की काढून ठेवा. सिग्मा १७-५० ला ७७ मिमीचा फिल्टर लागतो, किट लेन्सचा ५८ चा बसणार नाही. ७७ चे महाग पडतात, तो खर्च आधीच धरून चला.

आता १८-१३५ ची बाजूही सांगतो, कारण ती वाईट लेन्स नाही. एसटीएमवाली जेमतेम ४८० ग्रॅम, सिग्मा ५६५. व्हिडिओ काढताना एसटीएम मोटर जवळजवळ आवाज करत नाही, सिग्माची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. सारंगखेड्याला घोड्यांच्या चाली दाखवतात तेव्हा दोरीच्या अलीकडून ५० मिमीला घोडा लहान येतो, १३५ ला भरून येतो. भर दुपारी तिथं एफ/५.६ वरही १/१००० शटर सहज मिळतं, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरचा तिथं काही उपयोग नाही. बहिणीचं लग्न नसतं आणि फक्त यात्रा, शेत, तोरणमाळ-पाटणादेवीच्या सहली एवढंच असतं, तर मी डोळे झाकून १८-१३५ सांगितली असती.

पण १३५ मध्ये पक्षीही होतील, ही मित्राची समजूत काढून टाका. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात, तिथं १३५ ला बदक म्हणजे ठिपका. त्यासाठी पुढे कधीतरी ५५-२५० एसटीएम घ्या. स्वस्त आहे, हलकी आहे, यात्रेतल्या घोड्यांनाही तीच कामाला येईल. पक्ष्यांना तीही थोडी तोकडी पडते, पण तो वेगळा आणि खिशाला महागात जाणारा नाद आहे.

एकच लेन्स लावून ठेवायचा तुमचा विचार मात्र पक्का ठेवा. यात्रेत घोड्यांच्या टापांनी जी धूळ उठते तिच्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती पेरणं. १५००डी मध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही. बसलेला कण एफ/१६ ला आकाशात काळा डाग होऊन दिसतो. बदलायचीच वेळ आली तर गाडीत बसून, काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला.

कुणी २४-१०५ सुचवेल. चांगली लेन्स, पण तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही. १५००डी चा सेन्सर लहान आहे, त्यावर २४ मिमी म्हणजे फुलफ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ३८ सारखं दिसतं. आपल्या धाब्याच्या घरात, माजघरात पाठ भिंतीला टेकली तरी चार माणसं मावणार नाहीत. १७ मिमी तिथं उपयोगी पडतं.

एफ/२.८ चं कौतुक फार झालं, म्हणून दोन ठिकाणं सांगतो जिथं ते कामाचं नाही. एक, घरच्यांचा मोठा ग्रुप फोटो. तीन रांगा असतील तर एफ/२.८ ला पुढची रांग स्पष्ट आणि मागचे मामा धूसर येतील, एफ/५.६ ते ८ वरच काढा. दुसरं, अजिंठा. जळगावहून जवळ, पाहुणे आले की आपण हमखास नेतो. लेण्यांत फ्लॅशला बंदी आणि आत अंधार. पण तिथं आपण बहुतेक रुंद टोकाला असतो, आणि किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५ पर्यंत उघडतेच. एफ/२.८ ने मिळणारा फायदा जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉप. शिवाय चित्र हलत नाही, त्यामुळे आयएस चालू ठेवून १/१० ला श्वास धरून काढलं तरी येतं. अजिंठ्यासाठी म्हणून कुणी लेन्स विकत असेल तर घेऊ नका.

माझं ऐकून लगेच पैसे काढू नका. संगणकावर तुमचे गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो उघडा, उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. फोकल लेंग्थ आणि शटर बघा. बहुतेक फसलेले फोटो ५५ ला अडकलेले, पण शटर १/५०० च्या पुढे असेल, तर तुम्हाला खरंच लांब पल्ला हवाय आणि माझा सल्ला चुकीचा. शटर १/६० च्या खाली असेल तर वर लिहिलंय तेच.

वापरलेली घेताना मुख्य भीती फोकसची. सिग्माची ही लेन्स कधीकधी थोडी पुढे किंवा मागे फोकस करते, आणि १५००डी मध्ये ते दुरुस्त करायची सेटिंग नाही. संगणकाला जोडून लेन्सचा फोकस सुधारायच्या सिग्माच्या यूएसबी डॉकवरही ही लेन्स चालत नाही. म्हणून विकणाऱ्यासमोरच तपासा. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून ५० मिमी, एफ/२.८ वर मधल्या एका मथळ्यावर फोकस करा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून), एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून). लाइव्ह व्ह्यूत फोकस थेट सेन्सरवरून होतो, त्यामुळे तो बरोबर येतो. व्ह्यूफाइंडरवाल्या फोटोत धार दोन ओळी वर-खाली सरकलेली दिसली तर नमस्कार करून निघा.

मग मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा. चार-दोन धुळीचे कण असले तरी हरकत नाही, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणाकडून आलेल्या लेन्समध्ये हे जास्त आढळतं, आपल्या कोरड्या हवेत कमी. आपला शत्रू ऊन: मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स ठेवली की आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येऊ शकतं. एफ/८ ला तीन-चार फोटो काढून बघा. पाती चिकटत असतील तर एखादा फोटो उगाच जास्त उजळ येतो.

निकॉनवाले कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी एवढंच: हीच सिग्मा निकॉन माउंटमध्येही मिळते, आणि लांब पल्ला हवा असेल तर १८-१४० व्हीआर (निकॉनचं आयएस) बघा. एएफ-पी लिहिलेल्या लेन्स डी३२००, डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत, घेण्याआधी मॉडेल बघून घ्या.

खरेदी दत्त जयंतीच्या आधी उरका. सारंगखेड्याची यात्रा तेव्हाच भरते, तिथं दोन दिवस धुळीत-गर्दीत वापरली की लेन्समध्ये काही खोट असेल तर ती लग्नाच्या बरीच आधी दिसेल. आठ-दहा दिवसांत परत घ्यायची बोली असेल तरच पूर्ण पैसे द्या. आणि हूड (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची झापड) मागून घ्या, सिग्मासोबत तो मूळ डब्यातच येतो. विकणारा ‘हरवला’ म्हणाला तर त्याचे पैसे कमी करा.