डिस्कव्हरी रेफरी व्हायचंय ना? मग आधी हे ऐक

कॅलिफोर्नियात डिस्कव्हरी रेफरी (खटल्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागदपत्रं आणि माहिती देण्यावरून होणारे वाद हाताळायला नेमलेली तटस्थ व्यक्ती) व्हायचं म्हणतेस, तर आधी काही वर्षं वादी आणि प्रतिवादी, दोघांचीही वकिली कर. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ६३८ खालची नेमणूक दोन्ही पक्षांच्या संमतीने होते, आणि जन्मभर एकाच बाजूने लढलेल्या वकिलाला समोरचा सहसा होकार देत नाही. कलम ६३९ खाली कोर्ट संमतीशिवायही नेमतं, पण तिथे तुझा अहवाल म्हणजे फक्त शिफारस, निर्णय न्यायाधीशांचा. सुनावणीनंतर २० दिवसांत तो लेखी द्यायचा असतो, तेव्हा लिहिण्याचा हात चालता हवा.

खरी डोकेदुखी प्रिव्हिलेज लॉगची, म्हणजे गोपनीय म्हणून समोरच्याला न दिलेल्या कागदांच्या यादीची. ‘कायदेशीर सल्ला’ एवढंच लिहून ढीगभर ईमेल मागे ठेवलेले असतात. मोह होतो, आणा इकडे, बघतेच काय आहे त्यात! तसं करू नकोस. २००९ च्या कॉस्टको खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच अडवलं: वकील-अशील गोपनीयतेचा दावा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी तो मजकूरच दाखवा, असा आदेश देता येत नाही. मग तपासायचं काय? कुणी कुणाला लिहिलं, कधी, कशासाठी, आणखी कुणाला प्रत गेली. नोंद मोघम असेल तर लॉग परत पाठव, नीट भरून माग. (फेडरल कोर्टांत न्यायाधीश कागद खासगीत पाहू शकतात, दोन्हीकडचे नियम एकमेकांत मिसळू देऊ नकोस.)

फी बहुधा ताशी मिळते. आणि जुने अशील, जुनी फर्म, सगळे संबंध नेमणुकीआधीच लेखी कळव.