मराठी माध्यमातील मुलांचे इंग्रजी उच्चार कसे सुधारावेत?

आपण खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवता. आठवी ते दहावीची मुले धडा घडाघडा वाचतात, पण परक्या माणसाला त्यांचे इंग्रजी नीट कळत नाही. अशा मुलांना ब्रिटिश उच्चार शिकवावेत की अमेरिकन, आणि फळ्यावर देवनागरीत उच्चार लिहून द्यावेत की नाही, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात २२ वर्षे इंग्रजी शिकवत आहे आणि त्यातील पहिली काही वर्षे चुकीच्या गोष्टींवर घालवली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ब्रिटिश की अमेरिकन हा प्रश्न मी बाजूला ठेवीन. आपल्या मुलांना पुढे बेंगळुरूच्या, पुण्याच्या किंवा आखाती देशातल्या माणसाशी बोलायचे असते आणि त्या माणसाला त्यांचे म्हणणे पहिल्या झटक्यात कळले पाहिजे, एवढीच गरज असते. शब्दातला 'आर' स्पष्ट उच्चारण्याची आपली सवय अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्येही आहे. ती मोडण्यात वेळ घालवू नये. तसेच 'थँक्यू'चा थ. सुरुवातीला मी मुलांच्या हाती आरसा देऊन दातांमध्ये जीभ धरायला लावत असे. मुले हसत, थुंकी उडे, तास संपे. आणि आपल्या दंत्य थ-द मुळे कोणाचाही गैरसमज होत नव्हता हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली निरनिराळ्या देशांतील लोकांच्या आपसातील इंग्रजीसाठी आवश्यक उच्चारांची जी यादी मांडली, तीतही या ध्वनीचा आग्रह सोडून दिलेला आहे. स्वरांची लांबी, शब्दारंभीच्या 'पी', 'टी', 'के' यांतील श्वासाचा झोत आणि वाक्यातील मुख्य आघात (जोर) यांचा आग्रह मात्र त्या यादीने धरला आहे.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते. इंग्रजी उच्चारांची बहुतेक पुस्तके एकभाषिक मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या भागातले मूल तसे नसते. घरी मराठी आणि बाजारात, बसमध्ये, शेजारी कन्नड असे दोन भाषांचे ध्वनी त्याच्या जिभेवर आधीच बसलेले असतात. एका भाषेत जे नाही ते बऱ्याचदा दुसरीत असते, आणि इंग्रजीच्या तासाला आपण दोन्हींना दाराबाहेर उभे करतो, ही माझ्या मते मूळ चूक आहे.

उदाहरणार्थ, परीक्षेची 'टेस्ट' आणि चवीची 'टेस्ट' आपण देवनागरीत सारखीच लिहितो आणि मुले ती सारखीच उच्चारतात. 'मिळवणे' या अर्थाचा 'गेट' आणि फाटक या अर्थाचा 'गेट', लेखणीचे 'पेन' आणि दुखण्याचे 'पेन', 'ओला' या अर्थाचा 'वेट' आणि 'थांबणे' या अर्थाचा 'वेट' या जोड्यांचेही तेच होते. कारण मराठीत ए एकच आहे आणि तो दीर्घ आहे. कन्नडमध्ये मात्र ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन वेगळी अक्षरे आहेत. ऱ्हस्व ए असलेले 'बेळे' म्हणजे पीक आणि दीर्घ ए असलेले 'बेळे' म्हणजे डाळ. किराणा दुकानात डाळ मागताना आपल्या मुलाची यात चूक होत नाही, मग इंग्रजीच्या तासालाच का व्हावी? मी मुलांना सांगतो की परीक्षेची 'टेस्ट' पिकाच्या ए ने म्हणा आणि चवीची 'टेस्ट' डाळीच्या ए ने म्हणा. ब्रिटिश माणूस चवीच्या 'टेस्ट'मध्ये ए पासून इ कडे घसरतो, आपला दीर्घ ए तसा घसरत नाही. पण समजण्यापुरते तेवढे पुरते. गावाचेच नाव घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री 'बेळगावी' झालेल्या नावातला पहिला ए कन्नड माणूस आखूड म्हणतो आणि 'बेळगाव' म्हणताना आपण तो लांबवतो. वर्गात दोन मुलांना हे नाव दोन्ही तऱ्हांनी म्हणायला लावले की ऱ्हस्व-दीर्घ ए चा पाठ दोन मिनिटांत होतो.

उलट दिशेने मराठी उपयोगी पडते. 'बॅट' आणि 'कॉलेज' यांसाठी आपण चंद्र वापरतो. कन्नड लिपीत नेहमीच्या लेखनात तशी सोय नसल्यामुळे तेथे 'ब्याट' आणि 'कालेजु' असे लिहिले जाते. आपल्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुले असतील, तर त्यांना चंद्राचे चिन्ह मराठीतून उसने द्यावे. दुसरे म्हणजे मराठीतले दोन ज. 'या जगात जगायचे आहे' या वाक्यात पहिला ज आणि दुसरा ज वेगळे आहेत, हे मुलांना कोणी सांगितलेले नसते, पण त्यांच्या तोंडून ते बरोबर निघतात. इंग्रजी 'झू' किंवा 'झिरो'चा ध्वनी 'जगणे'तल्या ज च्या जवळचा आहे; जीभ वर टेकू न देता तो लांबवला की काम झाले. 'इज', 'वॉज', 'हॅज' हे शब्द आपण ज ने लिहितो, म्हणून मुले त्यात 'जीवन'चा ज घालतात. तेथे 'जरा'चा ज हवा, एवढे सांगितले की वाक्यामागून वाक्ये सुधारतात, कारण हे तीन शब्द प्रत्येक ओळीत येतात.

एक अडचण मात्र दोन्ही भाषांची सामाईक आहे. 'एक'चे 'येक' होते तसे अंड्याच्या 'एग'चे 'येग' होते, आणि कन्नडमध्येही शब्दारंभीच्या ए च्या आधी य डोकावतो. अशा वेळी मुलाला शब्दाआधी तोंड उघडून क्षणभर थांबायला सांगावे; त्याहून अधिक शास्त्र त्यात नाही.

भूतकाळाच्या 'ईडी' प्रत्ययाबद्दल आपण विचारलेले नाही, पण 'वर्केड', 'लाफेड', 'प्लेयेड' हे आपल्याही वर्गात ऐकू येत असेलच. येथे मराठी व्याकरणाचा तास कामी येतो. कठोर आणि मृदू व्यंजने मुलांना संधीच्या निमित्ताने पाठ असतात; 'आपद् + काल = आपत्काल' हे त्यांनी परीक्षेत लिहिलेले असते. कठोर व्यंजनाच्या शेजारी मृदू व्यंजन टिकत नाही, हेच तत्त्व इंग्रजीतही आहे, फक्त दिशा उलटी आहे: तेथे मागून येणारा प्रत्यय त्याच्या आधीच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. म्हणून 'वर्क'च्या कठोर क नंतर 'वर्क्ट', 'लाफ'नंतर 'लाफ्ट', पण 'प्ले'च्या स्वरानंतर 'प्लेड'. आणि शब्दच 'टी' किंवा 'डी' या ध्वनीने संपत असेल तरच 'वॉन्टिड' असा वेगळा तुकडा उच्चारायचा. अनेकवचनाचा 'एस'सुद्धा याच नियमाने 'कॅट्स'मध्ये स राहतो आणि 'डॉग्ज'मध्ये 'जरा'चा ज होतो. संधीचा नियम व्यवहारात उपयोगी पडलेला पाहून मराठीच्या बाई माझ्यावर विशेष खूश झाल्या होत्या.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा आघाताने होतो. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लागतच नाही. माझा एक जुना विद्यार्थी परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याच्या नोकरीत होता. त्याचे 'डेव्हलपमेंट' समोरच्याला तीनदा सांगूनही कळेना, कारण तो सगळा जोर पहिल्या अक्षरावर देत होता. जोर दुसऱ्यावर, म्हणजे 'व्हे'वर, दिल्याबरोबर ते कळले. जेन्किन्स यांच्या यादीत शब्दाच्या आघाताला स्थान नाही, पण येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. शिवाय केवळ जोर देऊन भागत नाही, उरलेली अक्षरे गिळावीही लागतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि दुसरा ओ जवळजवळ अ होतो. 'फोटोग्राफर'मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि पहिला ओ गळून 'फटॉग्रफर'सारखे काहीतरी ऐकू येते. आपली मुले सगळे ओ इमानदारीने पूर्ण उच्चारतात. अक्षर गिळणे मराठीला मुळीच परके नाही, हे त्यांना दाखवावे: आपण 'करवत' लिहितो आणि 'कर्वत' म्हणतो. कन्नडमध्ये लिहिलेला अ सहसा असा गळत नाही, म्हणून घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना येथे जास्त वेळ द्यावा लागतो.

वाक्यातला आघात शिकवायला तर मराठीतील 'च'इतके चांगले साधन मला आजवर सापडलेले नाही. 'मीच त्याला आज सांगितले', 'मी त्यालाच आज सांगितले', 'मी त्याला आजच सांगितले' ही तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत. इंग्रजीत तिन्हींना 'आय टोल्ड हिम टुडे' हेच चार शब्द पुरतात. 'च'चे काम तेथे आवाज करतो. पहिल्या वाक्यात 'आय', दुसऱ्यात 'हिम' आणि तिसऱ्यात 'टुडे' वर चढवायचा. नंतर मुलांना इंग्रजी वाक्य ऐकवावे आणि मराठीत 'च' कुठे लागेल ते विचारावे. आपल्याकडच्या 'ये की', 'सांग की' मधला 'की'सुद्धा असाच भावना वाहून नेतो, आणि इंग्रजीत तो शब्दांत नसून सुरात असतो, हे मुलांना चटकन पटते.

बाकीचे थोडक्यात. 'व्ही' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो आणि आवाज हवा तेवढा लांबवता येतो. 'डब्ल्यू'ची सुरुवात मात्र 'उ' म्हटल्यासारखी ओठांचा चंबू करून करायची, दात मध्ये आणायचे नाहीत. शब्दारंभीच्या 'पी'साठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरावी. 'पिन' म्हणताना पट्टी हलली पाहिजे, नाहीतर इंग्रज माणसाला ते 'बिन' ऐकू येऊ शकते. 'स्पिन'मध्ये ती फारशी हलू नये.

देवनागरीत उच्चार लिहून द्यावेत का? पहिल्या आठवड्यात अवश्य द्यावेत, पण जोर असलेल्या अक्षराखाली रेघ मारून द्यावेत आणि महिन्याभरात हात आखडता घ्यावा, कारण वर पाहिल्याप्रमाणे दोन्ही 'टेस्ट' देवनागरीत एकच दिसतात. त्यानंतर शब्दकोशातील उच्चारचिन्हांपैकी दहाबारा चिन्हे शिकवावीत. ही चिन्हे ज्या लिपीतील आहेत ती आंतरराष्ट्रीय उच्चारलिपी विद्वानांचे खूळ आहे असे अनेक शिक्षकांना वाटते. वास्तविक ती ज्या संघटनेने घडवली, ती १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनीच स्थापन केली होती, आणि ही लिपी वर्गासाठीच होती. अक्षराच्या आधी वरच्या बाजूला येणारी छोटी उभी रेघ म्हणजे पुढच्या अक्षरावर जोर, एवढे एक चिन्ह जरी मुलांना आले तरी शब्दकोश त्यांचा झाला.

मोठ्या वर्गात प्रत्येकाचा उच्चार कसा तपासायचा, ही अडचण मला ठाऊक आहे. फळ्यावर दोनच शब्द लिहावेत आणि त्यांना १ व २ असे क्रमांक द्यावेत. एका मुलाने वर्गाकडे पाठ करून त्यांतला एक शब्द म्हणावा, इतरांनी ऐकलेल्या शब्दाच्या क्रमांकाएवढी बोटे वर करावीत. पाठ करणे महत्त्वाचे, कारण मुले ओठ पाहून ओळखतात. बोटे एकसारखी वर आली तर उच्चार कळला. नाही आली तर मुलाला न रागावताच चूक समजते. मात्र पहिली पाळी शिक्षकाने घ्यावी. मी घेतली तेव्हा फळ्यावर ओला आणि थांबणे या अर्थांचे दोन 'वेट' होते. मी 'थांबणे'वाला म्हणालो आणि मागे वळून पाहिले, तर अर्ध्या वर्गाने एक बोट वर केले होते आणि अर्ध्याने दोन.