वाचकांचे प्रश्न : .३२ पिस्तूल, अडकणारं मॅगझिन आणि खंडेनवमीचं कुंकू

परवानाधारकांकडच्या छोट्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पुढची प्रत्येक कृती करण्याआधी क्रम एकच : नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन (काडतुसांची सुटी पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडने पुढे येताना नवं काडतूस चेंबरात नेलेलं असतं. ‘रिकामं होतं’ म्हणून झालेले बहुतेक अपघात इथूनच सुरू होतात.

प्रश्न : साहेब, माझं .३२ पिस्तूल मधेच अडकतंय. स्लाइड पुढं येते, पण काडतूस मॅगझिनमधून निघतच नाही. जोर लावला की आणखी घट्ट बसतं. दुकानदार म्हणतो नवीन पिस्तूल घ्या. — एक वाचक, परळी

दुकानदाराचं लगेच ऐकू नका. लक्षण तुम्ही नेमकं लिहिलंत म्हणून कारणही नेमकं सांगता येतं. .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिमीच्या काडतुसाच्या बुडाची कडा केसच्या, म्हणजे त्याच्या पितळी नळकांड्याच्या, अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली, की स्लाइड वरच्याला पुढे ढकलते आणि ते खालच्याला धरून बसतं. जितका जोर लावाल तितकी गाठ आवळते.

सोडवताना मॅगझिन बाहेर काढा. वरचं काडतूस ओढत बसू नका. लाकडी काडीने खालची रास दाबा, दोन कडा एकमेकींतून सुटल्या की वरचं काडतूस अंगठ्याने पुढे सरकवून काढा. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, काडतुसाच्या बुडावर लोखंडाचं टोक नको.

पुन्हा भरताना एक काडतूस घातलं की ते पार मागे टेकवायचं, मगच पुढचं. वरच्याची कडा खालच्याच्या कडेपुढे आहे ना, हे मॅगझिनच्या बाजूच्या भोकांतून दिसतं. घाईत खचाखच भरलेलं मॅगझिन आणि खिशात सुटं, हिंदकळत फिरणारं मॅगझिन, या दोन ठिकाणी ही गाठ जास्त बसते. आखूड लांबीच्या गोळ्या वापरल्या तरी तेच, कारण पुढे रिकामी जागा उरते आणि काडतुसं मागेपुढे सरकतात. गोल नाकाची, पूर्ण धातूच्या आवरणाची नेहमीची गोळी या बाबतीत बरी.

काडतूस मॅगझिनमधून निघून चेंबराच्या तोंडाशी नाक खुपसून थांबत असेल, तर तो आजार वेगळा. तिथे मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाच्या दुमडलेल्या कडा, वाकलेले असतात, किंवा चेंबराकडे जाणारा उतार मळलेला असतो. रिकामी केस बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकत असेल, तर मनगटाची पकड सैल आहे किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या, आकड्याखाली घाण आहे. पकड सैल असली की स्लाइडसोबत सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण अंतर मिळत नाही.

दोन मॅगझिन असतील तर तळाशी नेलपॉलिशने १ आणि २ लिहा. प्रत्येक वेळी क्रमांक २ च अडकत असेल, तर पिस्तुलाला हात लावायची गरज नाही. नव्या पिस्तुलाच्या किमतीपुढे मॅगझिनची किंमत किरकोळ असते, आणि आमच्याकडे आलेल्या ‘पिस्तूल खराब’च्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा खराब असतं ते मॅगझिनच.

प्रश्न : मोठ्या भावाकडं .३२ चं रिव्हॉल्व्हर हाय, माझ्याकडं .३२ चं पिस्तूल. दोघांच्या गोळ्या एकच असतात का? — एक वाचक, मुखेड

नाही. आकडा एक, काडतूस वेगळं. आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस चालतं. त्याची केस २३ मिमी लांब आणि कडा पूर्ण बाहेर आलेली. पिस्तुलाची केस १७ मिमी. रिव्हॉल्व्हरची गोळी तुमच्या मॅगझिनमध्ये बसणारच नाही, म्हणून तो धोका नाही. धोका आहे तो उलटा. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या खान्यांत जाऊन बसतं, आणि त्याचा दाब लाँग काडतुसापेक्षा जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे खान्यांचं फिरतं चक्र, त्यासाठी घडवलेला नसतो. एका घरात दोन्ही असतील तर डबे वेगळ्या कपाटांत ठेवा. दुकानातून घेताना नुसतं ‘बत्तीसच्या द्या’ म्हणू नका, डब्यावरचं पूर्ण नाव वाचून घ्या आणि परवान्यावर नोंद तिथेच करून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या माघारी घरात एक जुनं परदेशी पिस्तूल निघालं. वॉल्थर पीपी लिहिलेलं आहे. साफ करून ठेवू का? — एक वाचक, अंबड

आधी कागद, मग साफसफाई. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. वडील गेल्यावर ते पिस्तूल तुमच्या ताब्यात राहणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालयाची हद्द असेल तर पोलीस आयुक्तांकडे, अर्ज करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जासोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसरं ठेवता येत नाही.

पिस्तूल ताब्यात आल्यावरचं. वॉल्थर पीपी हे १९२९ चं डिझाइन. उघडताना मॅगझिन काढून, चेंबर तपासून, चापाभोवतीची कमान खाली ओढायची आणि किंचित बाजूला टेकवायची. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून मागच्या टोकाला वर उचलायची आणि पुढे सोडायची. नळी सांगाड्यालाच पक्की असते, ती काढायची नाही. घोड्याच्या (मागे बाहेर दिसणाऱ्या हातोडीच्या) वर मागे एक बारीक पिन डोकावत असेल तर चेंबरात काडतूस आहे. पण पिन दिसत नाही म्हणून चेंबर रिकामं धरू नका.

या जातीच्या जुन्या पिस्तुलांत एक खोड असते. सेफ्टीचा खटका खाली केला की घोडा आपोआप पडतो, फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई, मात्र अडवलेली असते. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या खटक्याची आतली झीज बाहेरून दिसत नाही. भरलेल्या पिस्तुलावर ही सोय वापरण्याआधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. आणि हात जाड असेल तर अंगठा आणि तर्जनीमधलं मांस स्लाइडखाली येऊ देऊ नका, चांगलं ओरबाडतं.

एफएन ब्राउनिंग १९१० असेल तर उघडायची रीत निराळी. त्यात स्प्रिंग नळीभोवती असते आणि पुढची टोपी तिच्या ताणावर बसलेली असते. टोपी दाबून फिरवताना अंगठा वर ठेवला नाही तर ती उडून पलंगाखाली जाते, कधी डोळ्यावर येते. शिवाय बाहेर घोडा नसल्यामुळे आतला स्ट्रायकर (घोड्याऐवजी स्प्रिंगने पुढे झेपावणारा भाग) ताणलेला आहे की नाही, ते दिसत नाही.

प्रश्न : वय ६८. स्लाइड ओढायला ताकद पुरत नाही. स्प्रिंग थोडी कापून हलकी करता येईल का? — एक वाचक, औसा

कापू नका काका. या छोट्या पिस्तुलांत स्लाइडला नळीशी धरून ठेवणारं कुलूप नसतं. गोळी सुटेपर्यंत चेंबर बंद धरतं ते फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण. म्हणूनच ती एवढी कडक असते. स्प्रिंग हलकी केली तर स्लाइड सांगाड्यावर आदळत राहते आणि पुढे तडा जातो.

ओढायची पद्धत बदला. पिस्तूल पोटाजवळ घ्या, नळी समोर. डाव्या हाताच्या चिमटीने नव्हे, पूर्ण मुठीने स्लाइडचा मागचा भाग वरून धरा. आता स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात आधी अंगठ्याने घोडा चढवला तर स्लाइड बरीच हलकी जाते. एवढं करूनही जमत नसेल तर रिव्हॉल्व्हरचा विचार करा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडं धूळ फार. दर पंधरा दिवसांनी खोबरेल तेल लावतो, तरी स्लाइड चिकट चालते. — एक वाचक, मानवत

तरी नव्हे, म्हणूनच. खोबरेल काय, शेंगदाण्याचं काय, खाण्याचं तेल हवेत राहून खवट आणि चिकट होतं, आणि खोबरेल तर थंडीत गोठतंच. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ बसली की पॉलिश पेपरची पेस्ट तयार होते आणि ती स्लाइडच्या खाचा खाते.

जुनं तेल गन सॉल्व्हंटने काढा. ते नसेल तर थोडं रॉकेल चालेल, पण रॉकेल पूर्ण पुसायचं. ते राहिलं तर खालचं पोलाद उघडं पडतं आणि पावसाळ्यात लाल होतं. .३२ चा पितळी ब्रश जमेल तिथे चेंबराकडून घाला, पार बाहेर काढा, मगच परत ओढा. नळीच्या मधेच उलटा फिरवला की काड्या वाकतात. मग सुती चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. पातळ गन ऑइल किंवा शिलाई मशीनचं तेल स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक थेंब, घोड्याच्या खिळीवर एक थेंब, बाहेरून तेलकट फडकं. बस्स. फायरिंग पिनच्या भोकात तेल घालू नका. चेंबर आणि मॅगझिनचं आतलं अंग कोरडं हवं, कारण तिथलं तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीत) झिरपतं आणि काडतूस मरतं.

चामड्याचं होल्स्टर अंगावर वापरायला. कपाटात ठेवायला नाही. चामडं घाम धरून ठेवतं आणि त्यातल्या क्षारांनी निळसर पॉलिश खालून खाल्लं जातं. सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात पिस्तूल ठेवून लग्नाला बसू नका, चोरीची भीती उन्हाच्या आधी येते.

प्रश्न : चाप ओढला, नुसतं ‘टक’ झालं. काय करायचं? — एक वाचक, उदगीर

नळी लक्ष्याकडेच ठेवा आणि सावकाश तीसपर्यंत मोजा, बार उशिरा होऊ शकतो. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढून काडतूस बाहेर टाका आणि बुडाचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर काडतूस जुनं किंवा तेल लागलेलं. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकात चिकटा आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा स्लाइड पूर्ण पुढे आली नव्हती.

‘टक’ऐवजी फुसका आवाज आला, हाताला धक्का कमी लागला, तर जास्त सावध. गोळी नळीतच असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळीतून रॉड घालून बघितल्याशिवाय पुढचा बार काढायचा नाही.

अजून एक सवय मोडायला हवी. रोज रात्री चेंबरात काडतूस चढवणं आणि सकाळी तेच काढून पुन्हा मॅगझिनमध्ये सर्वांत वर घालणं. दरवेळी उतारावर आपटून गोळी केसमध्ये आत दबत जाते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं धरून बघा. आखूड दिसलं तर ते वापरायचं नाही. घरात ठेवायच्या पिस्तुलाचं चेंबर रिकामंच असावं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा करतो. नंतर डाग राहतात. — एक वाचक, तुळजापूर

हळद-कुंकवाची बोटं स्लाइडवर लावली की पूड खिडकीतून आत जाते, आणि पाणी शिंपडलं की तिथेच गंज धरतो. झेंडूचा ओला हार रात्रभर राहिला तर हाराचा ठसा उमटतो. पिस्तूल पूर्ण रिकामं करून, मॅगझिन बाजूला ठेवून, कोरड्या कापडावर मांडा. हळद-कुंकू डब्याला किंवा होल्स्टरला वाहा, फुलं भोवती. काडतुसं पाटावर नकोत. आरती झाली की लगेच तेलकट फडक्याने पुसून कुलपात, घरात पोरं असतात.

पूजेनंतर किंवा वरातीत ‘एक बार’ काढणाऱ्यांसाठी : आनंदाच्या भरात केलेल्या बेदरकार गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच. बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची जी छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले, त्यानंतर तरी हे कुणाला नव्याने सांगायला नको.

प्रश्न : निवडणुकीत पिस्तूल जमा केलं, परत मिळालं तर गंजलेलं. — एक वाचक, वसमत

आचारसंहितेत छाननी समितीने सांगितलं की जमा करावंच लागतं, आणि पोलिसांच्या मालखान्यात कुणी तुमच्या पिस्तुलाला तेल लावत बसणार नाही. म्हणून नेतानाच तयारी करा. साफ करून नळीत आणि बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या, तेलकट कापडात गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी. कोरड्या पिस्तुलाला नुसती प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको, आत घाम धरतो. पावतीवर अनुक्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काडतुसं जमा केली असतील तर त्यांची संख्या लिहून घ्या, शक्य तर फोटो. परत घेताना अनुक्रमांक तिथेच जुळवा. घरी आल्यावर जाड तेल पूर्ण काढून नळी कोरडी केल्याशिवाय बार काढायचा नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. ती या जमा-परतीच्या काळात संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधीच टाका, पिस्तूल जमा असलं तरी अर्ज अडत नाही.