ग्राउंड ऑपरेशन्समध्ये, म्हणजे पृथ्वीवरून अंतराळयान चालवण्याच्या कामात, नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन! कामं आपोआप करून घेण्याच्या, म्हणजे ऑटोमेशनच्या, मागे आत्ताच लागू नका, ते नंतर बघू. आधी सिग्नलचा उशीर अंगवळणी पाडा. मंगळापर्यंत कमांड पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. स्क्रीनवर दिसतं ते केव्हाच घडून गेलेलं असतं. उत्तर आलं नाही म्हणून घाईने दुसरी कमांड सोडणं, ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरं म्हणजे एककं. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, गेलं ते यातच. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेग (यानाला बसलेल्या धक्क्याचं माप) पाउंड-सेकंदांत दिला, पुढच्याने न्यूटन-सेकंद समजून घेतला. ४.४५ पट फरक! मला आजही चटका लागतो. म्हणून कुठलीही फाइल हातात आली की विचारा: एकक कोणतं? वेळ यानावरची की पृथ्वीवरची?

आणि शंका आली तर तिथल्या तिथे बोला, शिफ्ट संपायची वाट पाहू नका.