अपग्रेड अर्धवट राहिले म्हणून डिस्क पुसू नका

प्रश्न : डिचोली तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या संगणकावर उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे आणि पुस्तकांच्या व सभासदांच्या सगळ्या नोंदी त्यावरील कोहा या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रणालीत आहेत. पावसाळ्यात २४.०४ वर अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि संगणक मध्येच बंद पडला. आता तो सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ अशा ओळी येतात व सारे तिथेच थांबते. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला आहे. नोंदींची दुसरी प्रत आमच्याकडे नाही. काय करावे?
— एका ग्रामीण वाचनालयाचे कार्यवाह

उत्तर : कार्यवाह महोदय, फॉरमॅटला कृपया संमती देऊ नका. आपण कळवलेल्या ओळींवरून आपल्या नोंदी गेल्या आहेत असे मुळीच दिसत नाही. संगणक सुरू होताना ग्रब हा कार्यक्रम आधी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्मृतीत आणतो आणि त्याच्यासोबत ‘इनिटरामएफएस’ नावाची एक छोटी फाइल आणतो. मुख्य डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. नवे कर्नल बसवल्यानंतर ही फाइल तयार होते. नेमक्या त्याच सुमारास वीज गेली असेल, तर कर्नल आहे पण ती फाइल नाही किंवा अर्धवट आहे, अशी अवस्था होते आणि कर्नलला मूळ विभाजन, म्हणजे डिस्कचा जेथे सारी प्रणाली असते तो भाग, सापडत नाही. आपल्याकडे बहुधा हेच झाले आहे.

तरीही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रत काढावी, असा माझा आग्रह आहे. अर्धवट राहिलेले अपग्रेड पुढे चालू केले की डेटाबेसची नवी आवृत्ती सुरू होऊन जुन्या फाइलींची रचना बदलू शकते, आणि मग मागे फिरणे कठीण होते. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर उबुंटू २४.०४ ची लाइव्ह प्रत, म्हणजे डिस्कवर काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रत, तयार करा, तिच्यावरून संगणक सुरू करा आणि ‘ट्राय उबुंटू’ हाच पर्याय निवडा. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका. केवळ ‘होम’ फोल्डर उचलला म्हणजे प्रत झाली, असा अनेकांचा समज असतो, पण कोहाच्या नोंदी तिथे नसतातच. त्या संगणकाच्या मूळ डिस्कवरील ‘व्हार’ फोल्डरमधील ‘लिब’ व त्यातील ‘मायएसक्यूएल’ या फोल्डरमध्ये असतात. शिवाय कोहा रोज आपली एक प्रत काढून ‘व्हार’मधील ‘स्पूल’ व त्यातील ‘कोहा’ या ठिकाणी ठेवत असते, त्यामुळे आपल्याकडे प्रत नाही असे आपण म्हणता, तरी ती डिस्कवरच पडून असण्याची बरीच शक्यता आहे. हे दोन्ही फोल्डर, आणि ‘ईटीसी’मधील कोहाचा फोल्डरही, टर्मिनल (आज्ञा टंकित करण्याची खिडकी) उघडून त्यात ‘सुडो टार’ ही आज्ञा वापरून एकेका फाइलीत बांधून बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. नुसते ओढून टाकल्यास परवानगी नाकारली जाते, आणि पेनड्राइव्हवर फाइलींची मालकीही टिकत नाही.

प्रत हाती आली की जुन्या कर्नलकडे वळावे. अपग्रेडमध्ये जुनी पॅकेजे काढून टाकण्याचे काम अगदी शेवटी होते, त्यामुळे आपले जुने कर्नल अजून जागेवर असावे. निर्मात्याचे चिन्ह दिसताच जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट दाबून ठेवा. बायोसची नवी पद्धत, म्हणजे यूईएफआय, असल्यास एस्केप एकदाच दाबा. अधिक वेळा दाबल्यास यादीऐवजी ‘ग्रब’ एवढेच लिहिलेली ओळ येते; तसे झाल्यास ‘रीबूट’ टंकित करून पुन्हा प्रयत्न करावा. यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन कमी क्रमांकाचे कर्नल, उदाहरणार्थ ५.१५ ने सुरू होणारे, निवडा.

संगणक सुरू झाला तर टर्मिनल उघडा. येथे आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत; टंकित करताना त्या रोमन अक्षरांतच द्याव्यात. प्रथम ‘डीएफ -एच’ने डिस्कवर, आणि ‘बूट’ हे वेगळे विभाजन असल्यास त्यावरही, मोकळी जागा आहे का ते पाहा. जागा भरलेली असेल तर इनिटरामएफएस कितीही वेळा तयार करायला गेलात तरी ती पुरी होणार नाही. अशा वेळी एखादे जुने कर्नल काढावे लागते, मात्र ‘यूनेम -आर’ दाखवते ते चालू कर्नल काढू नये. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ चालवा. अर्धवट राहिलेली बहुतेक कामे यातच पुरी होतात. मध्ये एखादी मांडणीची (कॉन्फिगरेशन) फाइल बदलू का, असे विचारले गेल्यास आपली जुनी फाइल ठेवावी, विशेषतः ती कोहाची किंवा तिची पाने दाखवणाऱ्या अपाचे या वेब सर्व्हरची असेल तर. एवढ्यानेही नव्या कर्नलची फाइल झाली नाही, तर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ यापुढे त्या कर्नलचा पूर्ण क्रमांक द्या आणि शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

जुने कर्नलही उठले नाही, तर याच आज्ञा लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘सीएचरूट’ करून, म्हणजे डिस्कवरील प्रणालीत शिरून, द्याव्या लागतात. त्यासाठी मूळ विभाजन जोडून त्याखाली ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ हे तीन फोल्डर ‘माउंट --बाइंड’ने जोडावे लागतात आणि ‘बूट’ व ‘ईएफआय’ ही विभाजने वेगळी असल्यास तीही जोडावी लागतात. विभाजनांची नावे ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दाखवते. हे काम सवयीच्या माणसाला शेजारी बसवूनच करावे; चुकीचे विभाजन जोडले तर दुरुस्ती भलत्याच ठिकाणी होते.

संगणक ठीक झाल्यावर कोहाला नवी आवृत्ती मिळत नाही असे दिसले, तर घाबरू नका. उबुंटूचे अपग्रेड बाहेरचे पॅकेज-स्रोत, म्हणजे उबुंटूखेरीज इतरांची सॉफ्टवेअर मिळण्याची ठिकाणे, आपणहून बंद करते. आपली कोहाची आवृत्ती २४.०४ वर चालते याची खात्री करून तो स्रोत पुन्हा चालू करावा. आणि वाचनालयात दुसऱ्या संगणकावरही २२.०४ असेल, तर त्याची घाई नको. त्या आवृत्तीला एप्रिल २०२७ पर्यंत नियमित सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. पाऊस ओसरून विजेची ये-जा थांबल्यावर, यूपीएसची बॅटरी तपासून आणि रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊनच ते काम हाती घ्यावे.