पोहता येत नसेल तर ऋषिकेशला राफ्टिंग करावं का? पुण्याहून मे महिन्यात चौघं जातोय, राफ्टिंगची सुरुवात शिवपुरीहून करावी की तिथल्याच मरीन ड्राइव्हहून?

करा की. मला आजही पोहता येत नाही आणि मी दोनदा केलंय. "पोहता येत नाही त्याने पाण्यात उतरूच नये" असं तुम्हाला ज्याने कोणी सांगितलं असेल त्याची माझ्या दिरांशी गाठ घालून द्या, मस्त जमेल दोघांचं.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही सहा जण शिवपुरीहून निघालो. भावजी कॉलेजचे स्विमिंग चॅम्पियन, म्हणून कुणी न सांगताच सगळ्यात पुढे जाऊन बसले. त्याआधी किनाऱ्यावर गाईड सूचना देत होता तेव्हा यांचं सेल्फी काढणं चालू होतं. मी मात्र शब्द न शब्द ऐकला, कारण पोटात गोळा आला होता आणि घाबरलेला माणूस सूचना नीट ऐकतो.

रोलर कोस्टर नावाच्या रॅपिडला, म्हणजे खडकांमुळे पाणी उसळतं त्या पट्ट्यात, गाईड मागून "फॉरवर्ड, फॉरवर्ड" ओरडतोय आणि भावजी पॅडल एका हातात धरून मागे वळून त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला पोझ देतायत! एका बाजूचं वल्हवणं थांबलं, राफ्ट लाटेला आडवी लागली, यांच्या पॅडलची टी-मूठ माझ्या दातावर बसली (टवका उडालाय, अजून तसाच आहे) आणि आम्ही दोघंही पाण्यात. गंगा मे मध्येही इतकी गार की आधी श्वासच अडकतो. मग गाईडने सांगितलं होतं तेच मी केलं, उताणी पडले, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला पुढे, लाट ओसरली की श्वास घ्यायचा. गाईडने दोरी फेकली, ती छातीशी धरली, हाताला गुंडाळायची नाही, आणि त्याने जॅकेटच्या खांद्याला धरून मला पोत्यासारखं आत ओढलं.

भावजींनी काय केलं, तर फ्रीस्टाइल मारत किनारा गाठायला निघाले आणि पाणी जरा उथळ लागल्यावर सरळ उभे राहिले. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नसतं हो, दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला आडवा करून दाबून धरतं, तिथे पोहणं काही कामाला येत नाही. नशीब की नुसता गुडघा फुटला, मग राफ्टसोबत चालणाऱ्या कयाकवाल्याने (कयाक म्हणजे मदतीला असलेली छोटी होडी) आणून सोडलं. आणि हेच गृहस्थ दर लग्नाकार्यात सांगतात की वहिनी पडली म्हणून मी उडी मारली!

तर तुमचा प्रश्न. शिवपुरी घ्या, साधारण १६ किमी, पहिल्या वेळेला पुरतं. मरीन ड्राइव्ह २५ च्या आसपास, हात गळून येतात. त्याच्याही वरून, कौडियालाहून सुरू करायच्या नादी लागू नका, त्या टप्प्यात 'द वॉल' नावाचा फार अवघड रॅपिड आहे. वीकेंडला जाऊ नका, मे मध्ये रस्त्यातच अर्धा दिवस जातो. सोबत कयाक नसेल तर राफ्टमध्ये बसू नका, पैसे गेले तरी चालतील. आणि पुण्याचेच आहात तर आधी एकदा कोलाडला कुंडलिकेवर जाऊन या, तिथे सकाळी वीजघरातून पाणी सोडतात त्यावर राफ्टिंग चालतं म्हणून आरामात दुपारी पोचलात तर नदी नुसती बघून परत यावं लागेल.

हो, एक राहिलं, कुणाला हार्टचा त्रास किंवा फिट्स असतील, कुणी प्रेग्नंट असेल तर त्यांना किनाऱ्यावर बसवा, आदल्या रात्रीची उतरली नसेल त्यालाही. पाणी वाढलंय म्हणून गाईड नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. चष्म्याला दोरी बांधा. आणि चॅम्पियन जो कोण असेल त्याला मागे बसवा, तुमच्या पुढे नको.

गाईडच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ आम्ही तेव्हा विकत घेतला होता. भावजी म्हणतात तो करप्ट झाला. माझ्या फोनमध्ये आहे, छान चालतो, उडीबिडी कुठेही दिसत नाही.