‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ हा जपानी सिनेमा मी अर्ध्यावर बंद केला. मित्र म्हणतात, तुला सिनेमा कळत नाही. खरंच तसं आहे का?

नाही, तसं अजिबात नाही. पहिल्या वेळी मीही अर्ध्यावरच बंद केला होता. साठी उलटलेल्या गेइशाला (नाच-गाण्याने पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या बाईला) सिनेमातले ते दोघं प्रेमी खोलीत बोलावून घेतात, त्या प्रसंगाला. हेडफोन काढले, लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन अंधारातच पाणी प्यायले. शेजारच्या खोलीत आई झोपली होती. लाज म्हणाल तर ती केव्हाच मागे पडली होती, संभोगाची इतकी दृश्यं तोवर होऊन गेली होती. मला श्वास घ्यायला जड जात होतं. त्या खोलीत हवाच नाही असं वाटत होतं.

दोन वर्षांनी पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. आज तो माझ्या मनाच्या फार जवळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट खरी घडलेली आहे. मे १९३६ मध्ये टोकियोत आबे सादा नावाच्या बाईने किचिझो इशिदा या आपल्या प्रियकराचा गळा आवळला, त्याचं लिंग कापून घेतलं आणि ते जवळ बाळगून शहरात फिरत राहिली. २० मे रोजी ती पकडली गेली. सहा वर्षांची शिक्षा झाली, १९४१ मध्ये सुटली. दिग्दर्शक नागिसा ओशिमाने १९७६ मध्ये यावर सिनेमा केला आणि नटांकडून संभोग खराखुरा करवून घेतला. जपानी कायद्यात हे बसणारं नव्हतं. म्हणून निर्माता फ्रेंच, चित्रीकरण क्योतोच्या स्टुडिओत, आणि रीळं न धुताच फ्रान्सला पाठवायची, असा मार्ग काढला. जपानमध्ये तो झाकपाक करूनच लागला. खटला मात्र भरला गेला तो पटकथा आणि फोटो छापलेल्या पुस्तकावर. जे लपवलं जातं तेच अश्लील असतं, असं ओशिमाने कोर्टात ठामपणे मांडलं. १९७९ मध्ये तो निर्दोष सुटला, १९८२ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं.

आता त्या खोलीविषयी. सुरुवातीला दारं सरकतात, मोलकरणी येतात-जातात, बाहेर बर्फ आहे, बायको आहे, पैशांच्या गोष्टी आहेत. हळूहळू हे सगळं गळून पडतं. दोघं जेवत नाहीत, बाहेर जात नाहीत, अंथरूण आवरू देत नाहीत. खोलीला वास येतो म्हणून मोलकरणी कुरकुरतात. तो वास मला पडद्यावरून आल्यासारखा झाला होता. सादाला किची संपूर्ण हवा आहे, आणि तो ‘नाही’ म्हणत नाही. त्याचं ते हसत हसत मान तुकवणं मला सुरीपेक्षा भयंकर वाटतं.

आणि मग उत्तरार्धात एक छोटासा प्रसंग येतो. किची गल्लीतून एकटा चालला आहे. समोरून सैनिकांची रांग येते, कडेला बायका झेंडे हलवतायत. तो भिंतीच्या कडेकडेने, खाली पाहत, उलट दिशेने जातो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, तो कोणाकडे बघत नाही. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी टोकियोत बंड करून सरकारातली माणसं मारली होती, आणि पुढच्या वर्षी चीनशी युद्ध पेटलं. सगळा देश एका बाजूला मरायला निघालाय आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला, एका बाईच्या हातून मरायला. पहिल्या वेळी मी इथवर पोचलेच नव्हते. पोचल्यावर रडले.

या सिनेमावर माझा रागही आहे. किची झालेल्या तात्सुया फुजीला पुढे कामं मिळत राहिली. सादा झालेल्या एइको मात्सुदाच्या वाट्याला मात्र मायदेशात हेटाळणी आली आणि मोजक्याच भूमिका. पडद्यावर दोघांनी सारखंच दिलं होतं. कलेच्या धाडसाचं कौतुक चाललं की मला तिचा चेहरा आठवतो.

त्यामुळे मित्रांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. अस्वस्थ होऊन उठलात याचा अर्थ सिनेमा तुमच्यापर्यंत पोचला. जो गेइशाच्या प्रसंगालाही मख्ख बसून राहिला, त्याने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलं असं मी मानणार नाही.

पुन्हा बघायची इच्छा झाली तर दिवसाउजेडी बघा, एकट्याने, आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. सुमारे पावणेदोन तासांचा आहे. शेवटचा प्रसंग नको वाटला तर सैनिकांच्या रांगेपाशी थांबा. मित्रांबरोबर मात्र नको. कोण आधी नजर वळवतो हे बघत बसायचा तो सिनेमा नाही.